पाचातले तीन

हैबती उतेकर मुंबईहून कायमचा परत आला, तेव्हा मी पिंपळकोंडच्या एकशिक्षकी शाळेवर रुजू होऊन दोन महिने झाले होते. सत्तावन्न साल होतं. वरंधच्या रस्त्याला एस्टीतून उतरून तो दोन कोस चढ चालत आला. वाटेत चार ठिकाणी बसला. वय पन्नाशीचं, पण दिसायला साठीचा. बोटांची नखं काळी, ती पुढे कितीही घासली तरी काळीच राहिली.

सव्वीस वर्षं तो गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत होता. शिशाची अक्षरं एकेक करून खणांतून उचलायची, हातातल्या पट्टीत ओळीने लावायची, ओळींचं पान करायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. हैबती चौथी शिकलेला, पण उलटं वाचण्यात त्याचा हात धरणारा त्या छापखान्यात कोणी नव्हता. मग नजर गेली. बारीक खिळे दिसेनात, 'घ'च्या जागी 'ध' पडू लागला. मालक भला माणूस होता. त्याने दोन महिने चालवून घेतलं, मग हैबतीच आपणहून म्हणाला, "शेट, आता पुस्तकं बिघडत्यात माझ्या हातनं. मी जातो."

गावी त्याची बायको बयाबाई होती. लग्नापासून ती इथेच, तो तिकडे. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. एक मुलगी झाली, ती बिरवाडीला दिली. नवरा-बायकोने एका छपराखाली काढलेले दिवस एकत्र केले असते, तर तीन वर्षंही भरली नसती. त्यामुळे हैबती घरी आला खरा, पण या बाईशी बोलायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. नाचणी, बैल, पाऊस हे तिचं जग. छापखाना हे त्याचं. पहिले आठ दिवस दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखी बघत होती. हे मला पुढे बयाबाईंनीच हसत हसत सांगितलं.

नवव्या दिवशी ती ओटीवर वाल निवडत बसली होती. त्याने पेटीतून कागदांचा गठ्ठा काढला. छापखान्यातले कच्चे छाप होते ते, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट. अमेरिकेतलं सरकार कसं झालं, कोणत्या विचारावर उभं राहिलं, यावर मुंबईतल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी मराठीत पुस्तक लिहिलं होतं. त्याचं पहिलं पान ते शेवटचं पान हैबतीने जुळवलं होतं. दीड वर्ष चाललं होतं ते काम, कारण प्रोफेसर एकेका पानाला चार चार वेळा बदल करायचे. पुस्तक फारसं खपलं नाही. हैबतीला मात्र ते तोंडपाठ झालं.

"वाचू का?" त्याने विचारलं.

"वाचा की," ती म्हणाली. "मला कुटं जायाचं हाय?"

तसं त्यांचं बोलणं सुरू झालं.

तो वाचायचा कमी, सांगायचा जास्त. नजरेला तेच बरं पडे. त्याने सांगितलं, की साडेतीनशे वर्षांमागे शंभरेक माणसं इंग्लंडातून जहाजाने निघाली आणि भलत्याच किनाऱ्याला लागली. तिथे त्यांच्या राजाचं फर्मान चालत नव्हतं. उतरायच्या आधीच भांडण लागलं, की आता कोणाचा हुकूम कोणी ऐकायचा. तेव्हा त्यांनी जहाजातच कागद काढला आणि लिहिलं, की आपण सगळे मिळून आपले नियम करू आणि आपणच ते पाळू. त्यावर एकेचाळीस जणांनी सह्या केल्या.

"बायकांनी केल्या सह्या?" बयाबाईंनी विचारलं.

"नाय. पुरुषांनी."

"बाया नव्हत्या का जहाजात?"

"व्हत्या."

"मग त्यांना नको व्हते का नियम पाळाया?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हैबती माझ्याकडे आला. "गुर्जी, आमच्या मंडळींनी असं असं विचारलंय. तुमच्या पुस्तकात काय हाय का?" माझ्या पुस्तकात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मीही संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसू लागलो.

बयाबाई अक्षरशत्रू, पण तिच्यासारखी विद्यार्थिनी मला सबंध नोकरीत मिळाली नाही. राजाला आवर घालायला सातशे वर्षांमागे इंग्लंडातल्या सरदारांनी एका कुरणात त्याच्याकडून लिहून घेतलं, तिथून हैबती निघाला आणि हळूहळू मुख्य गोष्टीवर आला. अमेरिकेत सत्तेचे तीन वाटे केले. नियम करणारे वेगळे, ते चालवणारा वेगळा आणि न्याय देणारे वेगळे. कोणी एकजण माजला तर बाकीच्या दोघांनी त्याला धरायचं.

बयाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे आमच्या खोताच्या उलट," ती म्हणाली. "आईनाची फांदी तोडायची नाय, हा नेम खोताचा. माझ्या बापानं तोडली म्हनून बैल न्यायला गडी आला तोबी खोताचा. आन् बाप दाद मागाया गेला, तर ओटीवर न्याय द्यायाला कोन बसलेला? खोतच."

हैबतीने गठ्ठ्यातली पानं बोटांनी मोजली. मग मला म्हणाला, "गुर्जी, प्रोफेसरसाहेबांनी ह्याला अठरा पानं घेतली व्हती."

*

एकोणसाठ साली आमच्याकडे ग्रामपंचायत यायची ठरली. नवा कायदा झाला होता. पिंपळकोंड म्हणजे नुसतं एक गाव नव्हे. खाली मोठा कोंड, पंचेचाळीस घरांचा. वर डोंगराच्या सपाटीवर माची, पंचवीस घरांची. आणि नदीकाठी कातकऱ्यांच्या नऊ झोपड्या. सगळ्यांची मिळून एक पंचायत. नऊ जागा, त्यातल्या दोन बायकांसाठी राखीव. राहिलेल्या सात कशा वाटायच्या, यावरून ठिणगी पडली.

कोंडाचा पुढारी कोंडाजी. धिप्पाड, करारी, पण खोटा नव्हे. तो म्हणाला, "कायदा सांगतो डोकी मोजा. डोकी मोजली तर कोंडाला पाच, माचीला दोन."

माचीचा म्होरक्या येसाजी, बयाबाईंचा सख्खा भाऊ. तो म्हणाला, "डोकी तुमची, पन पानी आमचं. वैशाखात तुमच्या विहिरी तळाला गेल्या की आमच्या झऱ्याचा पाट तुमाला जगवतो. पंचायतीत तुमी पाच जन मिळून ठराव कराल, झरा आमचा म्हनून. दोन जनांनी काय करायचं? आमाला नको तुमची पंचायत."

कोंडाजी बोलायला गेला की येसाजी उठायचा, येसाजी बोलायला गेला की कोंडाजी. चैत्र संपता संपता माचीच्या माणसांनी पाटाच्या तोंडावर दगड ठेवला. कोंडाच्या पोरांनी माचीची वाट बाभळीच्या काट्यांनी बंद केली. बयाबाईंचं माहेर पाऊण तासावर, पण भावाच्या घरी जायची सोय राहिली नाही. येसाजीची बायको बाळंत झाली, तेव्हा बयाबाईंनी केलेले डिंकाचे लाडू तसेच डब्यात राहिले.

ती रडली नाही. पण संध्याकाळी हैबती कागद काढून बसला तेव्हा म्हणाली, "आज नको. तुमच्या त्या लोकांनी असलं कायतरी निस्तरलं का कधी, ते सांगा. नायतर ऱ्हाऊ द्या."

हैबती उडालाच. "अगो, निस्तरलं की! ह्योच तंटा व्हता!"

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत कोंडाजीकडे गेला. तिथून काटे बाजूला सारत माचीवर गेला. दोन्हीकडे एकच बोलला, "एक डाव शाळेत या. बोलू नका. माझं ऐका आन् जा."

रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत सत्तर-ऐंशी माणसं जमली. कोंड एका बाजूला, माची दुसऱ्या बाजूला, मधे मोकळी जागा. कातकऱ्यांपैकी चांगू वाघमारे आला होता. तो पडवीच्या खाली, पायरीपाशी उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

हैबतीला भाषण येत नव्हतं. तो गोष्ट सांगावी तसं सांगू लागला. पावणेदोनशे वर्षांमागे अमेरिकेत तेरा मुलूख होते. सगळे मिळून इंग्रज राजाशी लढले, जिंकले, आणि मग आपसांत बिनसलं. तेव्हा त्यांनी माणसं पाठवली, कोणी चार, कोणी सात. एका मुलखाने तर पाठवलीच नाहीत. ऐन उन्हाळ्यात, खिडक्या लावून, चार महिने ती माणसं एका दालनात बसली. बाहेर शब्द जाऊ द्यायचा नाही, म्हणून खिडक्या बंद. त्यात ऐंशी ओलांडलेला एक म्हातारा होता, त्याला चालवत नव्हतं, तो डोलीत बसून यायचा.

"आपल्या राहीआजीवानी," कोणीतरी म्हणालं. दोन्ही बाजू हसल्या. बऱ्याच दिवसांनी एकत्र हसल्या.

"मोठे मुलूख म्हनाले, डोकी मोजा. ल्हान मुलूख म्हनाले, मुलखाला मुलूख सारखा, नायतर आमी चाललो घरी. पार मोडायला आलं. तवा त्यांनी काय क्येलं? एकाच्या जागी दोन सभा क्येल्या. एकीत डोक्यांवर मानसं. दुसरीत मोठा असो का ल्हान, समद्यांची सारखी. आन् दोन्ही सभांनी व्हय म्हटल्याबिगर कायदा नाय."

"हितं दोन पंचायती कोन देनार?" कोंडाजीने विचारलं.

"दुसरी हाये की आपली. गावकी." हैबती म्हणाला. "पंचायतीत कायद्यापरमानं डोकी. पन झरा, पाट, रान, देवाचं काम, ह्या गोष्टी आदी गावकीत यायच्या. आन् गावकीत इतके दिवस जो मोठ्यानं वरडंल त्याचं चालायचं, ते बंद. कोंडाचं एक मत, माचीचं एक मत. दोन्ही जुळल्याबिगर पाटाचा दगडबी हलवायचा नाय."

येसाजीने हनुवटी खाजवत विचारलं, "आन् नाय जुळलं तर?"

"तर बसायचं. जुळंस्तवर."

"चार म्हैने?"

"खिडक्या लावून," हैबती म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

जुळलं. कोंडाजीने नारळ आणवला. माणसं उठू लागली, मधली मोकळी जागा भरून गेली. तेव्हा पायरीवरून चांगूचा आवाज आला. तो मोठ्याने बोलला नाही, पण मी जवळ होतो.

"बाबा, त्या मुलखात आमच्यावानी रानातली मानसं व्हती का? त्यांची किती मतं धरली?"

हैबतीचा चेहरा उतरला. "व्हती," तो म्हणाला. "सांगन कवातरी." आणि नारळ फोडायच्या गर्दीत शिरला.

*

त्या संध्याकाळी येसाजी बहिणीकडे आला, डिंकाचे लाडू घेऊन गेला. घरात आनंदाचं वातावरण, आणि हैबती जेवणाच्या पाटावरून मधेच उठला. भात तसाच राहिला.

बयाबाई हात धुऊन त्याच्यासमोर येऊन बसली. "चांगूनं काय इचारलं?"

"तुला कोनी सांगितलं?"

"मी आत, शाळेच्या खिडकीपाशी व्हते. पाचातल्या तिनाचं पान का नाय वाचलंत?"

ते पान त्याने तिला पावसाळ्यात सांगितलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. हैबतीने मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, नदीकडे जाताना.

त्या तेरा मुलखांत लाखो गुलाम होते, आफ्रिकेतून धरून आणलेले. ज्यांच्याकडे गुलाम जास्त, ते मुलूख म्हणाले, आमची डोकी मोजताना गुलामही मोजा, म्हणजे सभेत आमची माणसं वाढतील. मत मात्र गुलामाला द्यायचं नाही. दुसरे म्हणाले, मोजायचेच नाहीत. भांडून भांडून ठरलं, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. रानातली मूळची माणसं, त्यांना तर बहुतेक धरलंच नाही. आणि हे त्याच लोकांनी केलं, ज्यांनी थोड्या वर्षांमागे लिहिलं होतं, की सगळी माणसं जन्मतः सारखी.

"ते पान जुळवताना मला वाटलं, चुकलंय," हैबती म्हणाला. "अपूर्नांकाचे खिळे काढले आन् हात थांबला. मानसाचा अपूर्नांक कसा हुईल? प्रोफेसरसाहेब आल्यावर म्हटलं, 'साहेब, हितं आकडा चुकून पडलाय.' त्यांनी चष्मा काढला. म्हनाले, 'चूकच आहे, उतेकर. पण ती आपली नाही. ती आहे तशी छापायची.'"

आम्ही उतरणीवर थांबलो. त्याला धाप लागली होती.

"काल मी तेच पान गाळलं, गुर्जी. म्हटलं, हे सांगितलं तर जुळायचं ते मोडंल. आमच्या मंडळी म्हनाल्या, 'त्यांनीबी असंच म्हटलं असंल, खिडक्या लावून.'"

चांगू झोपडीबाहेर बांबूच्या काड्या तासत होता. त्याची बायको तुळसा चुलीपाशी. हैबती खाली जमिनीवर बसला आणि त्याने ते सगळं पान सांगितलं. त्या मुलखात पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी भाऊ भावाशी लढला, लाखो मेले, तेव्हा ती ओळ खोडली. आणि खोडली तरी काळ्या माणसाला अजून तिथे पुष्कळ ठिकाणी पंगतीला बसू देत नाहीत, हेही सांगितलं. वर्तमानपत्रात त्याने वाचलं होतं.

चांगू तासत राहिला. मग म्हणाला, "कोंडाजी पाटलाच्या मानसानं आमची नऊ घरं मोजून नेली. आमची डोकी कोंडात धरली, म्हनून त्यांना पाच मिळाल्या. नायतर चारच व्हत्या."

हैबतीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मोजदाद मीच लिहून दिली होती, खरं होतं ते.

"आन् मतदारांच्या यादीत तुमची नावं?"

"यादी झाली तवा आमी कोळशाच्या भट्टीवर व्हतो, पार घाटावर. आमची नावं कोन घालनार?"

डोकं धरलं, माणूस धरला नाही. हैबतीने खिशातून पेन्सिल काढली, माझ्या हातातली वही घेतली आणि म्हणाला, "सांग नावं. पयल्यापासनं."

तेवीस नावं झाली. नजर अधू, तरी अक्षर छापल्यासारखं. बायका आधी पुढे येईनात. तुळसा सगळ्यात शेवटी आली. "माझं कुटं हाय त्यात?" तिने विचारलं. हैबतीने वही तिच्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. "हे तु. हे ळ. हे सा." तिने बोट लावून पाहिलं, आणि बोटाला लागलेला पेन्सिलीचा काळा डाग पदराला न पुसता ती झोपडीत गेली.

ती नावं घेऊन आम्ही दोघं महाडला मामलेदार कचेरीत गेलो. तिथला कारकून तरुण होता. त्याने अर्ज वाचला, प्रत्येकाचं आडनाव, वय, बापाचं नाव विचारलं. दोन अर्ज पुन्हा लिहायला लावले, पण घेतले सगळे.

पुढचं काम अवघड होतं. हैबतीने पुन्हा गावकी बोलावली. या वेळी तो उभा राहिला.

"गेल्या वक्ताला मी तुमाला गोष्ट सांगितली. त्यातलं एक पान मी गाळलं. आज सांगतो."

त्याने सांगितलं. कोणी हसलं नाही. शेवटी म्हणाला, "नदीवरच्या मानसांची डोकी धरून कोंडानं एक जागा वाढवून घेतली. तर मग गावकीत त्यांचं तिसरं मत पायजे. पानी त्येबी पितात, रान त्येबी राखतात."

कोंडाजी तांबडालाल झाला. "हैबती, तू कोंडाचा की कोनाचा? परवा जुळवलंस आन् आज मोडतोस? माची आन् ते एक झाले तर दोन विरुद्ध एक. आमी पंचेचाळीस घरं काय करायची?"

"पंचायतीत तुमचे पाच हायत, दादा. तिथं त्यांनी तुमाला भ्यायचं. हितं तुमी त्यांना भ्या. एकमेकांचा जरा धाक असंल तर कोनीच खोत हुनार नाय."

"मोठा आलाय अमेरिकेवाला," मागून कोणी म्हणालं. सभा मोडली.

त्यानंतर तीन आठवडे कोंडात हैबतीशी कोणी धड बोललं नाही. त्याच्या आवणाला, भाताच्या लावणीला, ज्यांनी बैल द्यायचे कबूल केले होते, त्यांनी ते दिले नाहीत. माचीचे लोकही गप्प, त्यांना त्यांचं मिळालं होतं. बयाबाई पाण्याला गेली की बायका बाजूला सरायच्या. एक दिवस मी ओटीवर गेलो, तर दोघं नुसतीच बसली होती. मी म्हटलं, "हैबतीबाबा, वाईट वाटतं का?"

त्याच्याऐवजी तीच बोलली. "सव्वीस वर्सं मी एकटीनं काढली, गुर्जी. आता दोघं हाव. तीन आठवडे म्हंजे काय मोठं?"

हैबतीने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन चष्मा पुसायला घेतला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी येसाजी खाली आला. बहिणीचं तोंड बघवेना, म्हणाला. माचीने तिसऱ्या मताला होकार दिला होता. आता कोंडाचा प्रश्न कोंडाने सोडवायचा. कोंडाजीने आपल्या घरांना, घरटी एका माणसाला, शाळेत बोलावलं. माझ्या समजुतीप्रमाणे नकार पक्का करायलाच बोलावलं होतं. "ज्यांना तिसरं मत द्यायचं त्यांनी हात वर करा," तो म्हणाला, आणि मोजायला मला उभं केलं.

पहिला हात त्याच्या आईचा, राहीआजीचा वर गेला. तिला डोलीतून आणली होती, आणि तिला कोणी घरची कर्ती म्हणून मोजलं नव्हतं. मग एकेक. मुंबईहून सुट्टीवर आलेले दोघे तरुण, मग त्यांच्या मागचे, मग माझ्या ओळखीचे सगळ्यात चिक्कू दोन म्हातारे. मी मोजले. आजीचा धरून सव्वीस.

"आईचा धरू नका," कोंडाजी म्हणाला.

"पंचवीस," मी म्हणालो. "पंचेचाळिसांत."

कोंडाजी उठला. मग तो पडवीच्या कडेला गेला आणि पायरीकडे बघून म्हणाला, "चांगू, तिथं उनात काय उबा ऱ्हायलास? वर ये." चांगू वर आला. बसायचं कुठे, हे त्याला कळेना. कोंडाजीने आपण बसला होता ते घोंगडं उकललं, अर्धं पसरलं आणि स्वतः एका टोकाला सरकला.

*

निवडणूक झाली. तेवीस नावांपैकी एकोणीस यादीत लागली, चार काही ना काही कारणाने राहिली, ती पुढच्या वेळी लागली. मतदानाला नदीवरची माणसं भट्टीवरून दोन दिवस चालत आली होती. बायकांच्या दोन जागांपैकी एकीवर माचीच्या आणि कोंडाच्या दोघांच्या संमतीने बयाबाई गेली, कारण ती दोन्हीकडची होती.

मी बासष्ट सालापर्यंत तिथे होतो. सगळं गोडीगुलाबीने चाललं असं म्हणणार नाही. पाटावरून गावकी एकदा चार दिवस बसली. एकदा चांगू रुसून सहा महिने आला नाही. पण दगड पुन्हा पडला नाही आणि काटेही नाहीत.

माझी बदली व्हायच्या आदल्या महिन्यात हैबतीने पंचायतीकडे एक सूचना दिली. गावात वाचनालय काढायचं, निम्मी खोली शाळेची, पुस्तकं तो मुंबईहून मागवणार होता. एव्हाना त्याला जवळजवळ दिसेनासं झालं होतं, तरी वाचनालय हवं होतं. सूचना मताला आली. चार विरुद्ध पाच मतांनी पडली. पाचवं मत बयाबाईंचं. ती म्हणाली, आधी नदीवरच्या वाटेला फरशी घाला, पावसात बायका घसरतात, मग पुस्तकं.

मी संध्याकाळी भीत भीतच त्यांच्याकडे गेलो. ती आत भाकऱ्या थापत होती. तो ओटीवर, भिंतीला टेकून.

"ऐकलंत ना, गुर्जी?" तो म्हणाला. "पाडलं मला. माझ्याच घरातनं."

"राग आला का?"

तो हसू लागला. हसता हसता खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू. "राग? अहो, सव्वीस वर्सं छापखान्यात मी दुसऱ्याची मतं जुळवली. हिनं सोताचं दिलं. आन् फरशीचं तिचं म्हननं बरोबरबी हाय."

आतून आवाज आला, "अवो, या जेवायला. गुर्जींनाबी आना."

मी त्याचा हात धरून त्याला उठवलं, आणि आम्ही दोघं आत गेलो.